पेटीवर नाव दमीचं, कानात सूर लग्राँचे

क्रायटेरियन या अमेरिकन डिस्क-कंपनीने 2014 साली काढलेला 'द एसेन्शियल जाक दमी' हा डिस्कसंच अनेकांच्या कपाटात दिग्दर्शकाच्या नावाखाली लावलेला असतो. पेटीवर नावही त्याचंच आहे, त्यामुळे त्यात गैर काही नाही. पण आतल्या सहा चित्रपटांपैकी पाचांचं संगीत मिशेल लग्राँचं आहे. या फ्रेंच संगीतकाराचं काम चित्रासकट, क्रमाने आणि चांगल्या ध्वनीत ऐकायचं असेल, तर सोयीची जागा हीच. म्हणून हे परीक्षण संगीताच्या बाजूने आहे. चित्राची प्रत, पेटीची छपाई, पुस्तिकेतले लेख यांचा उल्लेख येईल तो गरजेपुरताच.

आत काय आहे, ते आधी. 'लोला' (1961), 'ला बे दे-झांज' (1963), 'ले पाराप्लुई द शेरबूर' (1964), 'ले दमुआझेल द रोशफोर' (1967), 'पो दान' (1970) आणि 'उन शांब्र आँ व्हिल' (1982). एकूण तेरा डिस्क: सहा ब्लू-रे आणि सात डीव्हीडी. म्हणजे प्रत्येक चित्रपट दोनदा. डीव्हीडींची तुकडी बहुतेकांना लागणार नाही, पण ब्लू-रेवर 'ए' विभागाचं कुलूप असल्यामुळे घेण्याआधी आपला प्लेअर तो विभाग किंवा सगळे विभाग वाचतो का, हे तपासावंच लागतं. वाचत नसेल तर महागातली पेटी नुसती शोभेची राहते. सबटायटल्स फक्त इंग्रजी. त्याबद्दल पुढे.

लग्राँ कोण, हे थोडक्यात. जन्म 24 फेब्रुवारी 1932, पॅरिसच्या वेशीवरच्या कुर्बव्हुआचा. वडील रेमाँ लग्राँ वाद्यवृंदाचे संचालक, आईचं कुटुंब आर्मेनियन, थोरली बहीण क्रिस्तियान ही पुढे फ्रान्सच्या जॅझ गायनातलं मोठं नाव झाली. दहा-अकराव्या वर्षीच तो पॅरिसच्या काँझर्व्हातुआर या संगीत विद्यालयात गेला आणि तिथे नादिया बुलांजे या नामवंत शिक्षिकेच्या हाताखाली शिकला. बुलांजेकडून काउंटरपॉइंटची, म्हणजे एकाच वेळी अनेक स्वतंत्र सुरावटी एकत्र विणण्याची, शिस्त आली आणि जॅझ त्याने स्वतःहून उचललं. 1958 मध्ये न्यूयॉर्कला त्याने जॅझचा एक अल्बम केला, त्यात माइल्स डेव्हिस, जॉन कोल्ट्रेन आणि बिल एव्हान्स त्याच्या वाद्यमेळानुसार वाजवत होते. तेव्हा त्याचं वय 26. पुढे हॉलिवूडमध्ये तीन ऑस्कर मिळाले: 'द थॉमस क्राउन अफेअर'मधल्या गाण्यासाठी, 'समर ऑफ 42'च्या संगीतासाठी आणि 'येंटल'साठी. 26 जानेवारी 2019 रोजी तो गेला. ऑस्करवाल्या कामापैकी या पेटीत काहीही नाही. पण त्या कामाची मुळं इथेच आहेत.

पेटी कुठून सुरू करावी? सरळ सालानुसार, 'लोला'पासून. बरेच जण 'शेरबूर'ची डिस्क आधी लावतात आणि निम्मी गंमत गमावतात. का, ते येतंच आहे.

'लोला' काळा-पांढरा आहे. दमीला तो रंगीत आणि गाण्यांनी भरलेला करायचा होता, पण पैसे नव्हते. चित्रीकरण ध्वनीशिवाय झालं आणि संवाद नंतर भरले. त्यातलं नायिका अनूक एमेचं एकमेव गाणं शब्दांसकट चित्रित झालं तेव्हा त्याला चालच नव्हती. शब्द आन्येस व्हार्दाचे, म्हणजे दमीच्या दिग्दर्शक पत्नीचे. अनूक एमेने ते कॅमेऱ्यासमोर म्हटले, आणि लग्राँला संपादनयंत्रावर तिचे ओठ पाहत त्यावर चाल बसवावी लागली. ओठ बंद होतात तिथे सूर थांबवायचा, श्वास घेते तिथे जागा सोडायची. पडद्यावरचा गाता आवाज जाकलीन दान्नोचा आहे. हे माहीत नसेल तर गाणं नुसतं लाडिक वाटतं. माहीत असेल तर त्यातल्या ओढाताणीच्या लयीचं कारण कळतं. ब्लू-रेवर हे गाणं दोनदा लावावं. दुसऱ्यांदा तिच्या चेहऱ्याकडे न पाहता पायांकडे आणि खांद्यांकडे पाहावं. तालाशी ते जुळत नाहीत, कारण चित्रीकरणाच्या वेळी ताल नव्हताच.

या चित्रपटाची मूळ निगेटिव्ह आगीत गेली. डिस्कवरचं चित्र उरलेल्या साहित्यावरून उभं केलं आहे, म्हणून पेटीतल्या बाकीच्यांपेक्षा ते मऊ दिसतं आणि उजेडाच्या जागा जळल्यासारख्या वाटतात. प्लेअर किंवा टीव्हीचा दोष समजून शार्पनेस वाढवू नये. दाणे तेवढे वर येतात. ध्वनी मोनो. तंतुवाद्यं थोडी पातळ येतात, पण इथे नीट ऐकायचं ते रोलाँ कासार या पात्रासोबत येणारी एक उदास, चढून उतरणारी सुरावट. ती लक्षात ठेवायची आणि डिस्क बाहेर काढायची.

'ला बे दे-झांज' हा संगीताच्या दृष्टीने पेटीतला सर्वांत एकसुरी चित्रपट आहे, आणि तो तसाच असायला हवा. जुगाराची कथा. नीसच्या समुद्रकाठच्या रस्त्यावर ज्यान मोरो पहाटे चालत येते, कॅमेरा तिच्यापासून वेगाने मागे पळत जातो, आणि पियानोच्या सुरावटी एकावर एक कोसळत राहतात. रूलेटचं चाक फिरलं की तीच सुरावट, जिंकलं की तीच. पार्श्वसंगीताने प्रसंगागणिक भाव बदलावा, अशी अपेक्षा असेल तर इथे निराशा होईल. लग्राँने जुगाऱ्याच्या डोक्यातलं एकच चाक वाजवलं आहे. तासाभराने ते अंगावर येतं, आणि तेच अभिप्रेत असावं.

आता मुख्य डिस्क.

'ले पाराप्लुई द शेरबूर'मध्ये एकही वाक्य बोललेलं नाही. सगळं गायलेलं. आपल्याकडच्या संगीत नाटकासारखं गद्य थांबून पद सुरू होत नाही, आणि ऑपेरासारखे मोठमोठे स्वतंत्र गानप्रसंगही नाहीत. चहा घेणार का, दुकान किती वाजता बंद होणार, पोस्टमन आला का, हे सगळं चालीत. शेवटच्या प्रसंगात एसोच्या पंपावर नोकर विचारतो की पेट्रोल सुपर हवं की साधं, तेसुद्धा चालीत, आणि ज्याला गोष्ट माहीत आहे त्याचा घसा त्या प्रश्नावर दाटतो. पहिल्या पाच मिनिटांत एक गॅरेजवाला मित्रांना सांगतो की ऑपेरा नको, सिनेमा बरा. हे वाक्यही गाऊनच. दमीने तिथेच आपली बाजू मांडून टाकली आहे.

अडचण होती ती पद्धतीची. साधं बोलणं चालीत कसं टाकायचं? गीत असेल तर मात्रा मोजता येतात, यमक धरता येतं. दमीचे संवाद गद्यच होते, लांबी वाटेल तशी. दोघांनी यावर काही महिने घासाघीस केली. शेवटी जी युक्ती सापडली ती अशी: वाद्यवृंदाने एक पूर्ण, गुणगुणता येईल अशी चाल धरून ठेवायची आणि माणसांनी त्या चालीवर बोलल्यासारखं गायचं. कधी अर्ध्या ओळीत आत शिरायचं, कधी बाहेर पडायचं, कधी चालीचा शेवटचा सूर वाद्यांसाठी सोडून द्यायचा. म्हणून कान कधी भरकटत नाही. संवाद हातून निसटला तरी खालची चाल सुटत नाही. नव्याने ऐकणाऱ्याने गॅरेजच्या प्रसंगात हेच करून पाहावं. गाणाऱ्यांना सोडून फक्त ब्रासवाद्यांच्या मागे जावं. ते स्वतंत्र जॅझचा तुकडा म्हणूनही उभं राहतं.

या प्रकल्पावर पैसा लावायला निर्माते तयार होईनात. ध्वनिमुद्रणाच्या खर्चाचा भार लग्राँ आणि गीतकार-गायक फ्रांसिस लमार्क यांनी उचलला, आणि पुढे माग बोदार निर्माती म्हणून आली. ध्वनिमुद्रण आधी झालं, संपूर्ण चित्रपटाचं. कॅमेरा नंतर. म्हणजे 'लोला'च्या बरोबर उलट. तिथे संगीतकार ओठांच्या मागे धावत होता, इथे नटनट्या सुरांच्या मागे. टेबलापासून दारापर्यंत जायला चालीत चार ठोके असतील तर चारच ठोक्यांत पोचायचं. रडायला जास्त वेळ लागला तर तो मिळणार नाही. नायिका कॅथरीन दनवच्या हालचालींत जी मोजकी, जपून टाकलेली पावलं दिसतात, त्यांचं श्रेय तिला आहेच, पण निम्मं तिच्या कानावर पडणाऱ्या फितीलाही आहे.

पार्श्वगायनात वाढलेल्या कानाला आवाज उसने आहेत याचं काही वाटणार नाही. तरी नावं माहीत असावीत. दनवसाठी दानिएल लिकारी, नायक नीनो कास्तेलनुओव्होसाठी होझे बार्तेल, रोलाँ कासार झालेल्या मार्क मिशेलसाठी झॉर्झ ब्लानेस, मादलेन या पात्रासाठी क्लोदीन म्यूनिए. आणि आईच्या भूमिकेतल्या अ‍ॅन व्हेरनॉँला आवाज क्रिस्तियान लग्राँचा, म्हणजे संगीतकाराच्या बहिणीचा. पेटीत सर्वांत कौतुकाचा आवाज तिचाच. चिडलेली, पैशाच्या काळजीतली, मुलीवर ओरडणारी बाई सुरात ठेवून कर्कश होऊ न देणं ही सोपी गोष्ट नाही. दानिएल लिकारीचा आवाज गोड आहे, पण त्याला एकच रंग आहे. प्रेमगीतात तो शोभतो, दुसऱ्या भागातल्या कंटाळ्यात कमी पडतो.

'लोला' आधी का पाहायचा, ते इथे. छत्रीच्या दुकानात रोलाँ कासार पुन्हा येतो, तोच नट, तेच नाव. आपल्या आधीच्या प्रेमाबद्दल तो सांगू लागतो आणि खाली तीच उदास सुरावट सुरू होते. क्षणभर कॅमेरा नाँतच्या पासाझ पोमरेत जाऊन येतो, जिथे 'लोला' घडला होता. चित्रपटाने ही आठवण समजावून सांगितलेली नाही, ती फक्त सुरात आहे. पहिला चित्रपट न पाहिलेल्याला इथे एक बरं गाणं ऐकू येतं. पाहिलेल्याला या माणसाची तीन वर्षं ऐकू येतात. (याच चालीवर पुढे इंग्रजी शब्द बसले आणि जॅझवाल्यांनी ती आपली करून टाकली. मुख्य प्रेमगीताचंही तेच झालं. दोन्हींचे इंग्रजी शब्द नॉर्मन गिंबेलचे. कॉफीच्या दुकानात वाजणाऱ्या मऊ मऊ आवृत्त्यांवरून लग्राँला गुळचट ठरवणाऱ्यांनी मूळ रेल्वे स्टेशनचा प्रसंग एकदा ऐकावा. गाडी सुटताना वाद्यवृंद किती निर्दय होतो ते कळेल.)

1964 मध्ये या चित्रपटाला कान चित्रपट महोत्सवाचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला. पण रंगीत फिल्म फिकी पडत गेली. दमीने तीन रंगांच्या वेगवेगळ्या काळ्या-पांढऱ्या प्रती करून ठेवल्या होत्या, म्हणून नव्वदच्या दशकात व्हार्दाच्या पुढाकाराने मूळ रंग परत उभे करता आले, आणि मूळ चार-ट्रॅक ध्वनिफितींवरून लग्राँने संगीत डिजिटलमध्ये नव्याने बसवलं. या पेटीतली प्रत त्यानंतरच्या 2के डिजिटल दुरुस्तीची, चित्रपटाच्या पन्नाशीच्या निमित्ताने झालेली. दुकानाच्या भिंतींचे गुलाबी-हिरवे पट्टे, कपड्यांना जुळणारे भिंतकागद, सगळं पुन्हा उजळ. टीव्ही 'व्हिव्हिड' मोडवर असेल तर ते बटबटीत होतं. 'सिनेमा' किंवा 'फिल्ममेकर' मोड लावावा.

ध्वनीची जुळणी मात्र इथे खरोखर महत्त्वाची, कारण दीड तास फक्त ओठ आणि फीत यांचा मेळ पाहायचा आहे. साध्या चित्रपटात खपून जाणारा विलंब इथे डोळ्यांत खुपतो. तपासायची जागा गॅरेजचा पहिला प्रसंग, कारण वाक्यं तुटक आहेत आणि चेहरे जवळ. ओठ हलण्याआधी आवाज येत असेल तर टीव्ही चित्रावर प्रक्रिया करण्यात वेळ घेतो आहे. मोशन स्मूदिंग बंद करा, आणि तरी फरक उरला तर रिसीव्हरमधलं 'ऑडिओ डिले' 20-20 मिलिसेकंदांनी वाढवत न्या. आवाज मागून येत असेल तर साउंडबार टीव्हीमार्फत जोडला आहे का पाहा. प्लेअर आधी साउंडबारला किंवा रिसीव्हरला आणि तिथून टीव्हीला, अशी जोडणी केली की बहुतेक वेळा प्रश्न सुटतो. 'डायलॉग एन्हान्स', 'क्लिअर व्हॉइस', 'नाइट मोड' असली बटणं बंदच हवीत. ती बोलणं वर आणायला मधल्या पट्ट्या फुगवतात आणि बाकी दाबतात. इथे बोलणं हेच गाणं असल्यामुळे वाद्यवृंद मागे ढकलला जातो आणि लिकारीचा आवाज पत्र्यासारखा होतो. 5.1 ट्रॅक दोन स्पीकरवर ऐकत असाल तर प्लेअरमध्ये स्टिरिओ डाउनमिक्स निवडावं. नाहीतर मधल्या वाहिनीतले आवाज हरवतात आणि मग लोक डिस्कला दोष देतात.

जुन्या युरोपीय पाल (तिथल्या टीव्हीची पद्धत) डीव्हीडीवरून हा चित्रपट पाठ झालेल्यांना पहिल्यांदा चुकल्यासारखं वाटेल. संगीत 'उतरलेलं' आणि संथ वाटतं. ते उलट आहे. पाल डीव्हीडी सेकंदाला 25 चौकटींनी चालते, चित्रपट 24 चा आहे. चार टक्क्यांचा फरक. 91 मिनिटांचा चित्रपट साडेसत्याऐंशी मिनिटांत संपतो, आणि स्वर दुरुस्त केलेला नसेल तर सगळं सुमारे पाऊण अर्धस्वर वर चढतं. इतकी वर्षं चुकीच्या पट्टीत ऐकलेला हा चित्रपट ब्लू-रेवर योग्य पट्टीत मिळतो. पियानोवर सोबत वाजवून पाहणाऱ्यांसाठी ही डिस्क एवढ्या एका कारणाने घेण्यासारखी आहे.

'ले दमुआझेल द रोशफोर'ची डिस्क लांबीनेही मोठी आणि ध्वनीनेही. दोन तासांहून थोडा जास्त. रोशफोर गावात, 1966 च्या उन्हाळ्यात, रंगवलेल्या खिडक्यांच्या चौकात चित्रित. दनव आणि तिची सख्खी बहीण फ्रांस्वाझ दोर्लेआक जुळ्या बहिणी झाल्या आहेत. जीन केली आहे, जॉर्ज चाकिरिस आहे. इथे पुन्हा बोलणं आणि गाणं वेगळं झालं, म्हणून हा 'शेरबूर'पेक्षा सोपा आणि हलका मानला जातो. ऐकायला हलका आहे हे खरं. बांधणीने नाही.

त्याची किल्ली अशी. माक्साँस हा खलाशी मनातल्या मुलीचं चित्र काढतो आणि तिला शोधत असल्याचं गातो. डेल्फीन, म्हणजे जुळ्यांपैकी दनव, मनातल्या पुरुषाबद्दल गाते. दोन्ही गाण्यांची चाल एकच. शब्द वेगळे, वाद्यरचना वेगळी, चाल तीच. यव्होन आणि सिमाँ दाम, दहा वर्षांपूर्वी ताटातूट झालेलं जोडपं, यांच्या गाण्यांचंही तसंच. दुसरी जुळी सोलांझ हिच्या हातून पडलेले काँचेर्तोचे (एकल वाद्य आणि वाद्यवृंद यांच्या रचनेचे) कागद अँडीला, म्हणजे जीन केलीला, सापडतात, आणि मग त्याच्या तोंडी तेच सूर येतात. कोण कोणाचं हे पात्रांना शेवटपर्यंत कळत नाही, श्रोत्याला पहिल्या तासातच कळतं. कथानकात जे योगायोग वाटतात ते लग्राँने चालींत आधीच ठरवून ठेवले आहेत. म्हणूनच शेवटी माक्साँस डेल्फीनच्या ट्रकमध्ये चढतो तेव्हा दमी त्यांची भेट दाखवतच नाही. दाखवायची गरज उरलेली नाही.

पहिल्यांदा पाहताना हे कानातून निसटतं, कारण सबटायटल्स. इंग्रजी ओळी इतक्या वेगाने बदलतात की डोळे खाली अडकतात, चेहरा आणि चाल दोन्ही सुटतात. शिवाय फ्रेंच यमकं आणि शब्दांचे खेळ इंग्रजीत वाहून गेले आहेत. जेवणाच्या टेबलावरचा लांब प्रसंग मुळात वृत्तात बोललेला आहे, भाषांतरात तो साधा गप्पांचा प्रसंग वाटतो. उपाय एकच: एकदा सबटायटल्ससकट पाहा, दुसऱ्यांदा बंद करून. दुसऱ्यांदा माक्साँसचं गाणं संपलं की थेट डेल्फीनच्या गाण्यावर जा आणि दोन्ही सलग ऐका. ठेका, वाद्यं आणि सुरुवातीची जागा बदलून एकच चाल कशी दोन माणसं होते, ते लागलीच कळतं.

आवाज इथेही बहुतेक उसने. दनवला अ‍ॅन जेरमँ, दोर्लेआकला क्लोद पाराँ, जाक पेराँला जाक रव्हो, जीन केलीच्या गाण्याला डोनाल्ड बर्क. मुख्य नटमंडळींत स्वतःच्या आवाजात गायलेली एकटी दानिएल दारिय, यव्होन झालेली. तिच्या ओळी लागल्या की खोलीतली हवा बदलते. सूर किंचित थरथरतो, पण ओठ, श्वास आणि आवाज एकाच छातीतून येतात. एवढ्या सफाईच्या पार्श्वगायनात तो खरखरीतपणा किती लागतो हे तिच्याकडून कळतं. ध्वनी पेटीतला सर्वोत्तम. ट्रान्सपोर्टर पुलावरच्या सुरुवातीच्या नाचात ब्रास उजवीकडून फुटतो तेव्हा आवाज थोडा कमी ठेवायला हरकत नाही. लग्राँला मोठ्याने वाजवायची सवय होती आणि या मिश्रणाने ती लपवलेली नाही.

'पो दान' ही पेरो या फ्रेंच कथाकाराच्या परीकथेवरची मौज. शांबोरचा किल्ला, निळे चेहरे केलेले सेवक, हवामानाच्या, चंद्राच्या आणि सूर्याच्या रंगाचे तीन पोशाख, आणि शेवटी राजवाड्यावर उतरणारं हेलिकॉप्टर. लग्राँने यासाठी जुन्या दरबारी ढंगाचा काउंटरपॉइंट घेतला आणि त्याखाली साठच्या दशकाचा ताल ठेवला. केकचं गाणं त्याचा नमुना. सोनेरी पोशाखातली राजकन्या आणि गाढवाचं कातडं पांघरलेली तीच मुलगी, एक पाककृती सांगते, दुसरी पीठ मळते, आणि दोघी मिळून दोन आवाजांत गातात. पडद्यावर दोन्ही दनव, आवाज दोन्हीकडे अ‍ॅन जेरमँचा. पाककृती खरी आहे: चार ओंजळी पीठ, चार ताजी अंडी, वाडगाभर साईचं दूध, लोणी, साखर, थोडं खमीर. फ्रान्समध्ये मुलं ती गाऊन पाठ करतात. परीच्या भूमिकेतल्या डेल्फीन सेरिगला पुन्हा क्रिस्तियान लग्राँचा आवाज. बापाने मुलीशी लग्न करू नये, हा उपदेश ती इतक्या खेळकर सुरात देते की हसू येतं आणि लगेच अंगावर काटाही. बाकी चित्रपट मधेमधे रेंगाळतो.

आणि मग 'उन शांब्र आँ व्हिल'. लग्राँने ही पटकथा नाकारली, म्हणून संगीत मिशेल कोलोंबिएचं आहे. लग्राँसाठी पेटी घेतलेल्यांनी ही डिस्क वगळू नये. उलट तपासणीसाठी हीच लागते. 1955 चा नाँतमधला संप, पुन्हा सगळं गायलेलं, दारिय पुन्हा पडद्यावर. दिग्दर्शक तोच, पद्धत तीच, संगीतकार वेगळा. फरक पहिल्या दहा मिनिटांत कळतो. कोलोंबिए संवादामागे जातो. वाक्य संपलं की सूर संपतो, खाली धरून ठेवलेली चाल जवळजवळ नाही. संपकरी आणि पोलिस रस्त्यावर समोरासमोर गातात तेव्हा याने जबरदस्त ताण येतो. पण चित्रपट संपल्यावर गुणगुणायला काही उरत नाही. कथा इतकी काळी आहे की कदाचित तेच बरं. 'शेरबूर'मध्ये चाल पात्रांना सावरत होती, इथे कुणी सावरत नाही. दोन्ही डिस्कवरचे भांडणाचे प्रसंग पाठोपाठ लावून पाहावेत: आई-मुलीचं दुकानातलं भांडण आणि नवरा-बायकोचं टीव्हीच्या दुकानातलं. लग्राँने नेमकं काय केलं होतं ते त्याच्या गैरहजेरीत जास्त स्पष्ट ऐकू येतं.

तक्रारी आहेत. सर्वांत मोठी म्हणजे केवळ संगीताचा स्वतंत्र ट्रॅक एकाही डिस्कवर नाही. 'ला बे दे-झांज' आणि 'लोला'ला तो असता तर पेटीची किंमत दुप्पट वाटली असती. दुसरी, लग्राँ-दमी जोडीचं काम इथे पूर्ण होत नाही. या पाचांशिवाय दोघांनी आणखी चार पूर्ण लांबीचे चित्रपट केले, 1988 चा इव्ह माँताँवाला 'त्र्वा प्लास पूर ल व्हेंसिस' त्यांतला शेवटचा. ते कमकुवत मानले जातात आणि काही खरोखर आहेतही, पण संगीतकाराचा आलेख समजायला हवेत. पेटी 'एसेन्शियल' म्हणते तिथेच मर्यादा सांगून टाकते.

पुरवणी सामग्रीत व्हार्दाचे दोन माहितीपट आहेत, दमीवरचा आणि रोशफोर गाव 25 वर्षांनी पुन्हा जमतं तो. दुसरा जास्त चांगला. संगीतासाठी मात्र दोन तुकडे शोधून काढावेत, कारण मेनूमध्ये ते तळाशी पडलेले असतात. 'दमुआझेल'च्या डिस्कवर 1966 ची दमी आणि लग्राँची दूरचित्रवाणी मुलाखत आहे. 'शेरबूर'च्या डिस्कवर लंडनच्या नॅशनल फिल्म थिएटरमधलं लग्राँचं 1991 चं बोलणं आहे, नुसत्या आवाजात. चित्र नसल्यामुळे लोक ते ओलांडून जातात. दमी ऑक्टोबर 1990 मध्ये गेला होता, हे मनात ठेवून ते लावावं. टीव्ही बंद करून, नुसता रिसीव्हर चालू ठेवूनही चालतं.